रिकाम्या पिंजऱ्याची बाटली

सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. भुंग्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडे तूही ठीक असशील असं धरून चालतो. धरून चालण्यापलीकडे माझ्या हातात तू काही ठेवलेलं नाहीस. ताईचा फोन आला म्हणून निदान तू तिच्याकडे पोचलास एवढं कळलं. तुला फोनवर बोलाव म्हटलं तर म्हणाली, "अंघोळीला गेलाय." तासाभराने पुन्हा केला, तर तू अंघोळीतच. एवढा स्वच्छ माणूस आपल्या घरात आजवर झाला नव्हता. म्हणून हे पत्र. पत्राला अंघोळीचं कारण सांगता येत नाही.

नोकरी सोडायची होती तर सांगून सोडायची. धुण्याच्या खोलीत पिंजऱ्यांचा आणि बाटल्यांचा ढीग छताला लागला. तुझ्या जागी एजन्सीने एक माणूस पाठवलाय. तो बाटल्यांच्या आत ब्रश घालतो, फिरवत नाही. विचारलं तर म्हणतो, "उंदरांना काय कळतंय?" म्हटलं, उंदरांना कळत नसेल, मला कळतं. प्रयोगशाळेत तुला मी चिकटवला होता, माझ्या शब्दावर. मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता, "तुमचे भाऊ तुमच्यासारखे आहेत ना?" मी हो म्हणालो होतो. असो.

ताई फोनवर मला म्हणाली, "तुम्ही दोघं उंदरांना दारू पाजता म्हणे!" तू तिला काय अर्धवट सांगितलंयस कोण जाणे. हे पुढचं तिला वाचून दाखव, म्हणजे तिचा समज नीट होईल.

ताई, आम्ही कुणाला काही पाजत नाही. प्रत्येक पांढऱ्या उंदराला स्वतंत्र पिंजरा असतो आणि पिंजऱ्याला दोन बाटल्या टांगलेल्या असतात. एकीत पाणी, दुसरीत पाण्यात कालवलेला मद्यार्क. कुठल्या नळीला तोंड लावायचं ते उंदीर ठरवतो. सकाळी बाटल्या काढून वजन करायचं, जेवढं कमी भरेल तेवढं त्याने प्यालेलं. बाटल्यांच्या जागा रोज अदलाबदल करायच्या, कारण उंदराला बाजूचीच सवय लागते, मग तो चव सोडून बाजू पितो. अर्ध्या उंदरांना औषध टोचलेलं असतं, पिण्याची ओढ कमी करणारं. उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचतात. दोन्हींत फरक किती पडतो, ते बघायचं.

आता यात एक मेख आहे. बाटली आपोआपही गळते. मांडणीला धक्का लागला, दार जोरात लागलं की थेंब पडतो. थोडं उडून जातं. तेही उंदराच्या नावावर मांडलं तर त्याच्यावर अन्याय. म्हणून प्रत्येक मांडणीच्या तळच्या ओळीत काही पिंजरे रिकामे ठेवतात. आत उंदीर नाही, पण बाटल्या तशाच टांगलेल्या. त्यांतून जे जातं ते कुणीच प्यालेलं नसतं. त्याची सरासरी काढून त्या मांडणीतल्या प्रत्येक उंदराच्या पिण्यातून वजा करायची. मला ही गोष्ट पहिल्यापासून फार आवडते. रिकाम्या पिंजऱ्याला विचारल्याशिवाय भरल्या पिंजऱ्यावर आरोप करायचा नाही. माणसांच्या घरांत अशी सोय असती तर बरं झालं असतं.

माझ्या हातची नळी मुळात गळतच नाही, हा भाग वेगळा. रबरी बूच आधी ओलं करायचं, नळी अर्धा पीळ देत आत सारायची, मग बाटली उलटी करून बोटाने एकदा टिचकी मारायची. एक थेंब येतो आणि थांबतो. नाही थांबला तर पुन्हा बसवायची. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा सुटली तेव्हा मला धड अपूर्णांक येत नव्हते. सरासरी म्हणजे काय, ते मी इथल्या रद्दीत टाकलेल्या पुस्तकांतून शिकलो. आज पीएचडीवाली मुलगी बेरजा माझ्याकडून तपासून घेते.

तर बातमी अशी की औषध लागू पडलं! उजव्या मांडणीतले, म्हणजे औषधवाले, उंदीर आतापर्यंत डाव्या मांडणीतल्यांपेक्षा निम्मंच प्याले. मॅडमनी केक आणला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे यश यांच्या हातचं आहे. औषधाचे एका मांडणीत आणि बिनऔषधाचे दुसऱ्या मांडणीत, ही व्यवस्था यांची. एकदाही अदलाबदल झाली नाही." शोधनिबंध छापायला जाईल तेव्हा शेवटी आभारांत माझं नाव असणार आहे, पूर्ण नाव. छापलेलं.

तुझी धाकटी परवा येऊन गेली. (आपल्या घरात धाकटी सून म्हणून तुझ्या बायकोला सगळे धाकटीच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो, बाकी तुझ्यापेक्षा तीच मोठी वाटते.) दारातच उभी राहिली.

"दादा, ते औषध माणसाला चालतं का?"

"अजून उंदरांचंच चाललंय."

"मग याला द्यायला काय हरकत आहे? तोही रोज बिळात शिरल्यासारखाच घरात यायचा."

मी म्हटलं, असं कपाटातून काढून कुणाला देता येत नाही, आधी निबंध छापून येईल, मग माणसांवर चाचण्या होतील, मग बाजार. ती म्हणाली, "थांबते. एवढी थांबले, तर आणखी थांबते." बसली नाही.

एक किरकोळ गोष्ट राहिली. तू गेल्यापासून उजव्या मांडणीतले रिकामे पिंजरे आधीपेक्षा पुष्कळ कमी गळू लागले आहेत. योगायोग असेल. ती मांडणी धुण्याच्या खोलीच्या दाराजवळ आहे, एवढंच. तुला काही माहीत असेल तर कळव. मी अजून कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं काही नाही म्हणून बोललो नाही.

ताईला नमस्कार. तुला पुन्हा आशीर्वाद, लागू पडतील तेवढे.

दादा

•

गुरुवार, २० फेब्रुवारी

भुंग्या,

हे पत्र ताईला वाचून दाखवू नकोस.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी. "मी काही केलं नाही. तुझीच नळी सैल बसली असेल." बाकी कार्ड कोरं. आईच्या पोटचा नसतास तर ते मी फाडून टाकलं असतं. माझी नळी! माझ्या कुळावरून बोलला असतास तरी चाललं असतं, कारण ते तुझंही आहे.

ऐक आता. तू गेल्यापासून रिकामे पिंजरे दोन्ही मांडण्यांत सारखेच गळतात, थेंब इकडे की थेंब तिकडे. आणि तू गेल्यापासून उजव्या मांडणीतले उंदीर 'बिघडले'. औषध तेच, मात्रा तीच, टोचणारी तीच, तरी डावे पितात तेवढंच उजवेही पिऊ लागले. पीएचडीवालीचं तोंड उतरलं. मॅडम म्हणतात, उंदरांना औषधाची सवय झाली असेल, आधीचे आकडे खरे, आता थांबू या आणि आहे तेवढ्यावर लिहू या. महिन्याअखेर निबंध पाठवायचा म्हणतात.

तुला बेरीज-वजाबाकीचा कंटाळा, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो. उंदीर पहिल्यापासून तेवढंच पीत होते. कमी कुणीच केलं नव्हतं. उजव्या रिकाम्या पिंजऱ्यांतून जास्त जात होतं, ते 'गळणं' म्हणून आम्ही प्रत्येक उजव्या उंदराच्या पिण्यातून वजा करत होतो. म्हणून कागदावर ते शहाणे दिसत होते. पिणं कमी करणारं औषध लागू पडलं, कारण तू पीत होतास. सगळ्या जगात ही करामत आपल्याच घरातल्या माणसाला साधली.

डाव्या मांडणीसमोर काचेची खिडकी आहे, उजवीवर दाराचा आडोसा आहे, म्हणून तुला उजवी बरी वाटली. आणि औषधाचे सगळे उंदीर एकाच मांडणीत लावायची अक्कल माझी, तिच्यासाठी केक कापला गेला. मिसळून लावले असते तर तुझ्या चोरीने दोन्हीकडे सारखंच नुकसान केलं असतं आणि फरक दिसलाच नसता. माझा नीटनेटकेपणा तुझ्या उपयोगी पडला. आयुष्यात प्रथमच.

मद्यार्काचा मोठा साठा कुलपात असतो आणि किल्ली माझ्या कमरेला असते, हे तुला ठाऊक होतं. उरल्या टांगलेल्या बाटल्या. त्यातही उंदरांच्या उष्ट्या बाटलीला तू तोंड लावलं नाहीस, कुणी न शिवलेल्या तेवढ्या निवडल्यास. आईने लावलेली शिस्त अशी कामी आली. वरून पाणी घालून बाटल्या भरल्या असत्यास तर वजन बरोबर आलं असतं आणि मला कधीच काही कळलं नसतं. पण कुठलंच काम पुरं करायचं नाही हा तुझा बाणा. चोरीसुद्धा अर्धवट.

आणि प्यालास ते तरी काय? पाणचट, कोमट, रबराचा वास लागलेलं. प्रत्येक बाटलीतून जेमतेम घोटभर. त्याने मुंगीलासुद्धा चढत नाही. मग कशासाठी? मी यावर बराच विचार केला, आणि उत्तर मला सापडलं आहे. ते लिहायची आज माझी तयारी नाही.

आता कामाचं. हा निबंध छापला गेला तर हे औषध पुढे माणसांना देऊन बघतील. तुझ्यासारख्या माणसांना. त्यांच्या बायका अशाच कुणाच्या तरी दारात उभ्या राहून थांबते म्हणतील आणि थांबतील. कशासाठी थांबतील, तर तुझ्या घोटांच्या सरासरीसाठी. आपली धाकटी रोज विचारतेय. काल म्हणाली, "दादा, तुमचं नाव छापून आलं की मला दाखवा. मी त्याला पाठवीन. म्हणीन, बघ, तुझ्या भावाने तुझ्यासाठी काय केलं!"

मॅडमना एक ओळ लिही. काय केलंस तेवढंच. पत्ता तुझ्याकडे आहे. तू लिहिलंस तर मी म्हणेन, चुकला पण कबूल झाला. नाही लिहिलंस तर मला बोलावं लागेल, आणि मी बोलायला लागलो की मोजून बोलतो, हे तुला माहीत आहे.

दादा

•

मंगळवार, ११ मार्च

भुंग्या,

तू कुणालाच लिहिलं नाहीस. ताईला फोन केला तर म्हणाली, "सकाळपासून बाहेर गेलाय." चला, अंघोळ तरी संपली.

मी मॅडमकडे गेलो. दुपारची वेळ होती, टेबलावर निबंधाची छापील प्रत होती, शेवटचं पान वर. त्यावर माझं नाव होतं. त्यांनी मुद्दाम ते पान उघडं ठेवलं असावं, मी कधीतरी येईन आणि बघेन म्हणून. मी बघितलं. नाव बरोबर छापलं होतं. नाहीतर माझ्या आडनावात सगळे चूक करतात.

म्हटलं, "मॅडम, हे पाठवू नका. उजव्या मांडणीतले रिकामे पिंजरे चुकीचे होते."

"चुकीचे म्हणजे?"

"जास्त गळत होते. त्यामुळे जास्त वजा झालं. उंदीर कमी प्यालेच नव्हते."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. आकडे मागवून घेतले, पीएचडीवालीला बोलावलं. दोघींनी पुन्हा बेरीज-वजाबाकी केली, रिकाम्या पिंजऱ्यांची वजाबाकी सोडून. ती मुलगी एकदम बाहेर निघून गेली. धुण्याच्या खोलीत नळ सोडून रडत होती, नळ सोडला तरी ऐकू येतं. मग मॅडमनी विचारलं, "पण गळत का होते?"

इथे थांबतो. आधीच्या दोन पत्रांत जे टाळलं ते आता लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचं तुला समजणार नाही.

मला तू गेल्यावर कळलं नाही, भुंग्या. मी तुला बघितलं होतं. तू लागून थोडेच दिवस झाले होते. तुझ्या हातून बाटल्या फुटत होत्या, रोज एखादी. मी सगळ्यांदेखत तुला बोललो होतो, "हात आहेत की पानं?" आणि मग एके सकाळी मी दारात आलो तर तू माझ्याकडे अर्धी पाठ करून उभा. बाटली काढलेली, नळी ओठांत धरलेली, हनुवटी वर. नळीतून असं नुसतं येत नाही, ओढावं लागतं. उंदीरही तसंच मान वर करून ओढतात. तुझा कंठमणी खालीवर होत होता. मग तू बाटली पुन्हा जागेवर टांगलीस, हात समोर धरून बघितलेस, आणि ते थरथरायचे थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलास. मग धुवायला लागलास. त्या दिवशी एकही बाटली फुटली नाही.

मी मागच्या मागे फिरलो. पुन्हा आलो तेव्हा लांबूनच खाकरलो.

मागच्या पत्रात सापडलं म्हणालो होतो ते उत्तर हेच. तुला चढवायची नव्हती. तुला माझ्या बाटल्या फोडायच्या नव्हत्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझ्याशी बोललो असतो तर तू गेला असतास, मॅडमशी बोललो असतो तर मी. म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पिंजऱ्यांचा आकडा वर आला आणि उजवे उंदीर कागदावर खाली आले. पीएचडीवाली टाळ्या वाजवत आली. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की या टाळ्या कशाच्या आहेत. रद्दीतून शिकलेल्या माणसालासुद्धा एवढी वजाबाकी येते. पण आकडा छान होता. रोज छान होत होता. तुझ्या हातून काही फुटत नव्हतं, धाकटी म्हणत होती की तुम्ही याला माणसात आणलंत, आणि मी तिला म्हणत होतो, "माझ्या हाताखाली सगळे सुधारतात." भुंग्या, मी हे म्हणालो. तुला पिताना बघून, त्याच संध्याकाळी म्हणालो.

तर मॅडमनी विचारलं, गळत का होते. तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण तुझं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: "तुम्हाला कधी कळलं?" मॅडम फार सरळ प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर मला देता आलं नसतं. म्हणून मी तुझंच वाक्य उचललं.

म्हटलं, "नळ्या सैल बसल्या होत्या."

"कुणी बसवल्या?"

"मी."

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून?"

त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी नाही म्हणेन म्हणून वाट बघत राहिल्या. माझ्या आयुष्यात माझ्या कामाला यापेक्षा मोठी शाबासकी मिळाली नाही, आणि ती मला अशी मिळाली. मी खाली बघून म्हणालो, "हो. उजवीकडच्या घाईत बसवल्या. टिचकी मारून बघितल्या नाहीत."

तेव्हा तुला वाचवलं असं समजू नकोस. तुझ्यावर माया करायची असती तर त्या सकाळी खाकरलो नसतो, आत आलो असतो. निष्काळजी म्हणवून घेणं मला परवडलं, एवढंच. दुसरं जे म्हणाले असते ते परवडलं नसतं.

निबंध पाठवायचा थांबवला. आभारांचं पान टोपलीत गेलं, मी उचललं नाही. उंदीर सगळे संपवले, दोन्ही मांडण्यांतले. कसं ते तुला माहीत आहे, लिहीत नाही. औषध पुन्हा पहिल्यापासून, नव्या उंदरांवर बघणार आहेत. लागू पडेलही, न पडेलही, त्यात आता आपल्या दोघांचा हात नसेल. मला कोठारात टाकलंय. खाद्याच्या गोण्या, लाकडाचा भुसा, हातमोज्यांचे खोके. तिथे सैल-घट्ट असं काही नसतं. प्राण्यांच्या विभागात जायला मला मनाई आहे. एजन्सीचा तो माणूस आता नळ्या बसवतो. जाता-येता मला काचेतून दिसतं. बूच ओलं करत नाही.

धाकटीला मीच जाऊन सांगितलं. तिला नळीची गोष्ट सांगितली नाही, खरी सांगितली, सगळी, माझ्यासकट. ती भांडी पुसत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "म्हणजे मी ज्या औषधाची वाट बघत होते, ते याच्याच पिण्यावर चाललं होतं?" आणि हसली. एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी पाणी दिलं तर ग्लास बाजूला सारला. मग म्हणाली, "तो थरथरत होता हे मला माहीत होतं. त्याच्या शर्टाची बटणं सकाळी मी लावायची. तुम्ही बघितलंत तेव्हा एक शब्द मला सांगितला असतात, तर मी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेला असता. तुमच्या औषधाची वाट कशाला बघितली असती? दवाखाने आजही आहेत, दादा." मला 'दादा' म्हणाली, पण ते नेहमीचं नव्हतं. तुझे कपडे तिने पिशवीत भरून ठेवलेत. पाठवायला की तू येशील म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार मला राहिला आहे असं वाटलं नाही.

तुला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. त्या ताईला खुशाल वाचून दाखव.

पहिली. दवाखान्यात जा. तिथे माणसांना देतात ती औषधं आमच्याकडची नाहीत, जुनी आहेत, तपासलेली आहेत. त्यात तुझी सरासरी मिसळलेली नाही. हात थरथरतात हे सांग. मला सांगू शकला नाहीस, ते त्यांना सांग. ते तुला "हात आहेत की पानं" असं विचारणार नाहीत.

दुसरी. धुण्याच्या खोलीत तू शेवटच्या दिवशी धुतलेल्या बाटल्या मी पुसून रचून ठेवल्या होत्या. एकीलाही डाग नव्हता. तू चांगलं धूत होतास. हे मी तेव्हा म्हणालो नव्हतो.

तुझं कार्ड माझ्याकडे आहे. तू त्यात लिहिलंस ते आता इथल्या कागदोपत्री खरं झालं आहे, तेव्हा त्यावर माझी सहीही घे.

नळी सैल बसवणारा,
तुझा दादा